पोप केव्हा चुकत नाहीत?

१३३१ सालच्या नोव्हेंबरात, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, आविन्यों शहरात पोप बाविसावे जॉन प्रवचनाला उभे राहिले. पोपची गादी त्या काळी रोममध्ये नव्हती, ऱ्होन नदीच्या काठी होती. वयाची ऐंशी उलटलेल्या या पोपनी त्या दिवशी मरणोत्तर जीवनाचा विषय काढला. पुण्यवान माणसाचा आत्मा मृत्यूनंतर लगेच ईश्वराला साक्षात पाहत नाही, त्यासाठी त्याला जगाच्या अंती होणाऱ्या न्यायनिवाड्यापर्यंत थांबावे लागते, असे त्यांनी सांगितले. पुढेही त्यांनी प्रवचनांतून हेच मत मांडले. ख्रिस्ती जगात खळबळ उडाली. ज्या संतांनी आपल्यासाठी ईश्वराकडे रदबदली करावी म्हणून रोज धावा करायचा, ते अजून त्याच्यासमोर पोचलेलेच नाहीत? थॉमस वेलिस या इंग्रज डॉमिनिकन संन्याशाने आविन्योंतच पोपच्या मताविरुद्ध प्रवचन केले आणि त्याची रवानगी तुरुंगात झाली. फ्रान्सचा राजा सहावा फिलिप याने १३३३च्या डिसेंबरात पॅरिस विद्यापीठातले धर्मशास्त्री बोलावून घेतले. त्यांनी पोपचे मत चुकीचे ठरवले. अखेर ३ डिसेंबर १३३४ रोजी, मृत्युशय्येवर, कार्डिनलांना जवळ बोलावून बाविसावे जॉन यांनी ते मत मागे घेतले. दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागून आलेल्या बाराव्या बेनेडिक्ट यांनी १३३६च्या जानेवारीत फर्मान काढून नेमका उलट सिद्धान्त कायमचा ठरवून टाकला.

ही हकीगत चर्चच्या विरोधकांनी शोधून काढलेली नाही. कॅथलिक धर्मशास्त्राच्या इतिहासात ती उघडपणे शिकवली जाते. पोप व्यासपीठावरून बोलले, श्रद्धेच्या विषयावर बोलले, आणि चुकले. तरीही कॅथलिक ख्रिस्तसभेची शिकवण अशी आहे की विशिष्ट प्रसंगी पोप श्रद्धेच्या बाबतीत चुकू शकत नाहीत. या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात, हे समजून घेणे म्हणजेच अचूकतेचा सिद्धान्त समजून घेणे. सगळा अर्थ त्या ‘विशिष्ट प्रसंगी’त साठलेला आहे.

बाहेरून पाहणाऱ्याला हा प्रकार ‘बाबावाक्यं प्रमाणम्’ वाटतो. पोप म्हणतील ते खरे, पोप करतील ते योग्य, आणि कोट्यवधी माणसांनी मान डोलवायची. पण सिद्धान्तात यातले काहीच नाही. पोप पाप करू शकत नाहीत, असा दावा ख्रिस्तसभेने कधी केला नाही. पोपही इतर भाविकांप्रमाणे पापकबुली देतात; २०१४च्या मार्च महिन्यात सेंट पीटर्समध्ये पोप फ्रान्सिस एका साध्या धर्मगुरूपुढे गुडघे टेकून पापकबुली देत असल्याचे छायाचित्र जगभर पोचले होते. पोपना ईश्वराकडून नवे संदेश मिळतात, असाही दावा नाही. प्रेषितांकडून जे आले ते जपणे आणि त्याचा अर्थ सांगणे एवढेच त्यांचे काम; त्यात नवी भर घालण्याचा अधिकार त्यांना नाही. राजकारण, विज्ञान, अर्थकारण, कोणाला कुठे बिशप नेमावे, या बाबतीत त्यांचा निर्णय चुकू शकतो. तो चुकल्याची उदाहरणेही भरपूर आहेत.

मग दावा आहे तो कशाचा? त्यासाठी १८७०च्या रोममध्ये जावे लागते.

त्या काळाची पार्श्वभूमी पोपच्या दृष्टीने भयंकर होती. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर सहावे पायस यांनी १७९९ साली व्हॅलन्समध्ये कैदेत प्राण सोडला. सातवे पायस यांना १८०९मध्ये नेपोलियनच्या सैनिकांनी रोममधून उचलून नेले. नववे पायस १८४६ साली गादीवर आले तेव्हा उदारमतवाद्यांना त्यांच्याकडून मोठ्या आशा होत्या. पण दोनच वर्षांत रोममध्ये बंड झाले, त्यांच्या प्रधानाला भोसकून मारण्यात आले आणि पोपना वेषांतर करून गाएताला पळावे लागले. १८६०पर्यंत पोपच्या राज्याचा बहुतेक मुलूख इटलीच्या एकीकरणात गेला. जमीन हातची जात होती, आणि त्याच वेळी दूरदूरच्या कॅथलिकांच्या मनात पोपविषयीची माया आणि निष्ठा वाढत होती. संकटातल्या वडिलांभोवती घरातली माणसे जमावीत, तसे ते होते. या निष्ठेला काहींनी टोकाला नेले. इंग्लंडमधल्या ‘डब्लिन रिव्ह्यू’चे संपादक वॉर्ड यांना रोज सकाळी न्याहारीला ‘टाइम्स’बरोबर पोपचे एक नवे फर्मान हवे होते, असे सांगितले जाते. फ्रान्समध्ये लुई व्हयो यांचे ‘युनिव्हेर’ हे दैनिक याच सुरात लिहीत होते. पोप बोलले की वाद संपला, असे या मंडळींना हवे होते.

८ डिसेंबर १८६९ रोजी पहिली व्हॅटिकन परिषद भरली तेव्हा जमलेल्या सुमारे सातशे बिशपांपैकी मोठा गट या सिद्धान्ताच्या बाजूचा होता. विरोधक संख्येने थोडे, पण वजनदार होते. पॅरिसचे दार्बुआ, ऑर्लियांचे द्युपांलू, माइन्झचे केटेलर, क्रोएशियातले श्ट्रॉसमायर, आणि परिषदांचा इतिहास लिहिणारे गाढे विद्वान हेफेले. हेफेले यांनी तर सातव्या शतकातल्या पोप होनोरियस यांचे प्रकरणच बाहेर काढले. ख्रिस्ताच्या ठायी एकच इच्छाशक्ती होती या मताला पाठबळ देणारी पत्रे होनोरियस यांनी लिहिली आणि ६८०-८१च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने त्यांचा नाव घेऊन धिक्कार केला. ज्या पदावर बसलेल्या माणसाला एका विश्वपरिषदेने पाखंडी ठरवले, त्या पदाला अचूक कसे म्हणायचे? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, आणि परिषदेतल्या बहुमतानेही तो तसा नेला नाही. विरोधकांपैकी अनेकांचा विरोध सिद्धान्ताच्या गाभ्याला नव्हता. तो आत्ताच, याच शब्दांत जाहीर करावा का, याबद्दल त्यांना शंका होती.

परिषदेतला एक दिवस जवळून पाहण्यासारखा आहे. १८ जून १८७० रोजी बोलोन्याचे कार्डिनल ग्विदी बोलायला उठले. डॉमिनिकन पंथाचे, थॉमस अक्वायनसच्या अभ्यासात मुरलेले गृहस्थ. त्यांचे म्हणणे असे की पोप या व्यक्तीला अचूक म्हणू नये. विशिष्ट प्रसंगी ते जो सिद्धान्त जाहीर करतात त्याला चुकीपासून संरक्षण मिळते, असे म्हणावे. आणि तो जाहीर करण्याआधी पोपनी बिशपांकडून ख्रिस्तसभेची परंपरा नीट समजून घ्यावी. सभागृहात काहींनी आरडाओरडा केला, तर अल्पमतातल्या बिशपांनी त्यांना मिठ्या मारल्या. त्याच दिवशी नवव्या पायस यांनी ग्विदींना बोलावून खडसावले. परंपरा म्हणजे मीच, असे ते संतापाने म्हणाल्याची हकीगत त्या वेळच्या नोंदींत आहे. पण पोपचा राग एका बाजूला आणि मसुद्याचा प्रवास दुसऱ्या बाजूला. त्या प्रकरणाचे शीर्षक आधी ‘रोमच्या पोपची अचूकता’ असे होते. अंतिम मजकुरात ते ‘रोमच्या पोपचे अचूक अध्यापन’ असे झाले. ग्विदींनी ज्या फरकावर बोट ठेवले होते तोच फरक शीर्षकात उतरला. ज्यांचा अपमान झाला त्यांच्या विचाराने सिद्धान्ताला आकार दिला, हे या सगळ्या इतिहासातले मोठे सत्य आहे आणि ते फारसे सांगितले जात नाही.

११ जुलैला टायरोलमधल्या ब्रिक्सनचे बिशप गासर यांनी मसुद्यामागची भूमिका समजावून सांगणारे भाषण केले. ते जवळजवळ चार तास चालले. निरपवाद अचूकता फक्त ईश्वराची, असे त्यांनी स्पष्ट केले. पोपची अचूकता तीन बाजूंनी बांधलेली आहे: कोण बोलतो, कशाबद्दल बोलतो आणि कोणत्या कृतीने बोलतो. पोप खासगी विद्वान म्हणून बोलले तर ती लागू होत नाही, रोमच्या धर्मप्रांताचे बिशप म्हणून बोलले तरीही नाही. सगळ्या ख्रिस्ती लोकांचे गुरू आणि मेंढपाळ म्हणून ते बोलले पाहिजेत. विषय श्रद्धेचा किंवा नीतीचा असला पाहिजे. आणि हा सिद्धान्त साऱ्या ख्रिस्तसभेने मानलाच पाहिजे असा निश्चित, अंतिम निर्णय देण्याचा त्यांचा हेतू प्रकट झाला पाहिजे. निर्णयाआधी पोपनी सत्य शोधण्याची योग्य साधने वापरली पाहिजेत, बिशपांना विचारले पाहिजे, हे गासर यांनाही मान्य होते. मात्र ते पोपच्या विवेकावरचे नैतिक बंधन आहे, निर्णयाची कायदेशीर अट नाही, असे ते म्हणाले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली या विषयावर लिहिले तेव्हा तळटीपांत याच भाषणाचा आधार घेतला. सिद्धान्ताचा अर्थ लावायचा असेल तर पोपच्या समर्थकांच्या घोषणांपेक्षा गासर यांचे भाषण अधिक विश्वासाचे.

१३ जुलैच्या चाचणी मतदानात ४५१ जणांनी होकार दिला, ८८ जणांनी नकार दिला, आणि ६२ जणांनी बदलांच्या अटीवर होकार दिला. १५ तारखेला अल्पमतातले काही बिशप पोपना भेटले. माइन्झचे केटेलर गुडघे टेकून विनवू लागले की ख्रिस्तसभेच्या साक्षीचा उल्लेख करणारे चार शब्द तरी घाला. घडले उलटेच. दुसऱ्या दिवशी मजकुरात असे वाक्य आले की पोपचे असे निर्णय स्वतःच्या बळावर अटळ असतात, ख्रिस्तसभेच्या संमतीमुळे नव्हे. या वाक्याने पुढे फार गैरसमज झाले. त्यामागे एक जुना वाद होता. १६८२ साली फ्रान्सच्या धर्मगुरूंनी जाहीर केले होते की ख्रिस्तसभेने संमती दिल्याशिवाय पोपचा निर्णय अंतिम होत नाही. व्हॅटिकनला हे कायद्याचे दार बंद करायचे होते: निर्णय झाल्यावर तो पुन्हा मंजुरीसाठी कोणापुढे ठेवावा लागणार नाही. ख्रिस्तसभेच्या श्रद्धेपासून तुटून पोप एकट्याने काहीही ठरवू शकतात, असा त्याचा अर्थ नव्हता. पण तो अर्थ घेणे सोपे होते आणि अनेकांनी तो घेतला. वाक्य अधिक काळजीने लिहिता आले असते, हे मान्य करायला हवे.

अल्पमतातल्या पंचावन्न बिशपांनी १७ जुलैला पोपना पत्र लिहिले: पित्यासमोर उभे राहून नाही म्हणणे आमच्याने होणार नाही. मग ते रोम सोडून गेले. १८ जुलैच्या सकाळी सेंट पीटर्समध्ये अंतिम मतदान झाले तेव्हा बाहेर प्रचंड वादळ घोंगावत होते. एकेका बिशपाचे नाव पुकारले जाई, त्याचा होकार येई आणि वर वीज कडाडे. इतके अंधारून आले की मजकूर वाचण्यासाठी पोपजवळ मेणबत्ती आणावी लागली. समर्थकांना मोशेला देवाने आज्ञा दिल्या तो सिनाय पर्वत आठवला, विरोधकांना देवाचा कोप. ५३३ होकार, २ नकार. नकार देणारे दोघे म्हणजे दक्षिण इटलीतल्या कायात्सोचे बिशप रिच्चो आणि अमेरिकेतल्या लिटल रॉकचे बिशप फिट्झजेराल्ड. निकाल जाहीर होताच दोघांनीही तिथेच तो स्वीकारला.

दुसऱ्याच दिवशी फ्रान्सने प्रशियाविरुद्ध युद्ध पुकारले. रोमचे रक्षण करणारे फ्रेंच सैन्य परत गेले, २० सप्टेंबरला इटलीच्या तोफांनी पोर्ता पिआजवळचा तट फोडला, आणि महिनाभरात परिषद स्थगित झाली. ती पुन्हा भरलीच नाही. याचा परिणाम दूरवर झाला. मूळ मसुदा संपूर्ण ख्रिस्तसभेवर होता. पोपवरचे प्रकरण पुढे ओढून आधी मंजूर केले गेले. बिशपांचे स्थान आणि सर्वसामान्य श्रद्धावंतांचा वाटा यांची चर्चा मागे राहिली ती राहिलीच. ग्रंथाचे एकच प्रकरण छापले जावे आणि वाचकांनी तोच ग्रंथ समजावा, तसे पुढची ९४ वर्षे झाले.

जर्मनीतले इतिहासकार आणि धर्मगुरू डोलिंगर यांनी निर्णय मानला नाही. १८७१ साली त्यांना बहिष्कृत करण्यात आले. जर्मनी-स्वित्झर्लंडमधले काही कॅथलिक वेगळे होऊन ‘जुने कॅथलिक’ म्हणवू लागले. हेफेले यांनी बराच काळ मनाशी झगडून १८७१मध्ये निर्णय आपल्या धर्मप्रांतात जाहीर केला.

सिद्धान्ताच्या सीमा सगळ्यांत स्पष्टपणे कोणी सांगितल्या असतील, तर त्या बाहेरून झालेल्या हल्ल्यांना उत्तर देणाऱ्यांनी. जर्मन चान्सेलर बिस्मार्कने आपल्या परिपत्रकात म्हटले होते की आता बिशप पोपचे नुसते कारकून झाले आणि पोप जगातला सर्वांत निरंकुश सम्राट झाला. १८७५च्या सुरुवातीला जर्मन बिशपांनी एकत्रितपणे उत्तर दिले: पोपही पवित्र शास्त्राने, परंपरेने आणि आधीच्या निर्णयांनी बांधलेले आहेत, बिशपांचा अधिकार ईश्वरदत्त आहे, पोप तो रद्द करू शकत नाहीत. हे उत्तर वाचून नवव्या पायस यांनीच त्याला संमती दिली. ज्या पोपनी ग्विदींना झापले होते, त्यांच्याच सहीने सिद्धान्ताच्या सीमा पक्क्या झाल्या.

इंग्लंडमध्ये माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी १८७४ साली पुस्तिका काढून विचारले की आता कॅथलिक माणूस राणीशी एकनिष्ठ कसा राहील? त्यांना उत्तर दिले जॉन हेन्री न्यूमन यांनी. न्यूमन यांना १८७०चा निर्णय घाईचा वाटला होता आणि त्यांनी एका खासगी पत्रात कडक शब्दांत तसे लिहिलेही होते. ते पत्र फुटून वर्तमानपत्रांत आले. पण १८७५ साली ड्यूक ऑफ नॉरफोकना उद्देशून त्यांनी जे दीर्घ पत्र प्रसिद्ध केले ते या विषयावरचे आजही सर्वांत उत्तम लेखन आहे. पोपचे अचूक निर्णय विरळा असतात, त्यांचा अर्थ शक्य तितका काटेकोर आणि मर्यादित घ्यायचा असतो, आणि माणसाच्या सदसद्विवेकबुद्धीचा आवाज पोपच्या आज्ञेपुढे आपोआप गप्प होत नाही, हे त्यांनी ठामपणे मांडले. आयुष्यभर संशयाने पाहिल्या गेलेल्या या माणसाला पुढे १८७९ साली कार्डिनल करण्यात आले आणि २०१९ साली संत घोषित करण्यात आले.

आता हिशेब पाहावा. १८७०पासून आजपर्यंत नवव्या पायस यांच्यानंतर बारा पोप झाले. त्यांपैकी एकाच पोपनी हा अधिकार वापरला, तोही एकदाच. १ नोव्हेंबर १९५० रोजी बारावे पायस यांनी जाहीर केले की येशूची आई मरिया ऐहिक जीवन संपल्यावर देहासह स्वर्गीय वैभवात नेली गेली. वसई-गोव्याच्या चर्चमध्ये १५ ऑगस्टला मरियेचा जो सण होतो, तो हाच. म्हणजे भाविकांच्या प्रार्थनेत शतकानुशतके असलेली गोष्ट पोपनी सिद्धान्तात आणली, आणि त्याआधी १९४६ साली जगभरच्या बिशपांना पत्र पाठवून विचारले. १८५४ साली नवव्या पायस यांनी मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा, म्हणजे ती आदिपापाच्या डागाशिवाय आईच्या गर्भात आली असा, सिद्धान्त जाहीर केला, तोही याच प्रकारचा मानला जातो. तेव्हाही आधी सुमारे सहाशे बिशपांचे मत मागवले गेले होते आणि जवळजवळ नऊ-दशांश अनुकूल होते. या सिद्धान्तावर कॅथलिक विद्वानांत शतकानुशतके वाद होता. खुद्द थॉमस अक्वायनसला तो पटत नव्हता. त्याआधीच्या इतिहासातले कोणकोणते निर्णय या कसोटीला उतरतात, याची यादी ख्रिस्तसभेने कधी दिली नाही. धर्मशास्त्रींच्या याद्या वेगवेगळ्या आहेत. बाराव्या बेनेडिक्ट यांचे १३३६चे फर्मान मात्र बहुतेक याद्यांत सापडते.

इथे एक गोष्ट विसरता कामा नये. अचूकता ही मुळात ख्रिस्तसभेला दिलेली देणगी मानली जाते. पोप ती एका विशिष्ट पद्धतीने वापरतात. पोपसह भरलेली विश्वपरिषद अंतिम निर्णय देते तेव्हाही ती असते. जगभर पसरलेले बिशप पोपशी एकमताने एखादी शिकवण निर्णायकपणे मानायची म्हणून सांगतात, तेव्हाही असते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आणखी पुढे जाऊन सांगितले की बिशपांपासून शेवटच्या श्रद्धावंतापर्यंत सारे जण श्रद्धेच्या विषयात एकमत होतात, तेव्हा ती सबंध प्रजा चुकू शकत नाही. १८७०मध्ये राहून गेलेली प्रकरणे १९६४ साली लिहिली गेली ती अशी.

सीमेच्या आत काय येते यापेक्षा सीमेबाहेर काय राहते, हा भाग सामान्य माणसाच्या आयुष्याशी अधिक जवळचा. गॅलिलिओचे प्रकरण सगळ्यांना माहीत आहे. १६१६चा हुकूम एका धर्मखात्याचा होता, १६३३चा निकाल इन्क्विझिशनचा. दोन्हींत पोपनी सर्व ख्रिस्तसभेसाठी अंतिम सिद्धान्त जाहीर केलेला नव्हता. शास्त्रार्थाच्या दृष्टीने हे उत्तर बरोबर आहे. पण घरात नजरकैदेत आयुष्याची शेवटची वर्षे काढणाऱ्या वृद्ध शास्त्रज्ञाला या बारीक भेदाचा काही उपयोग झाला नाही. चूक ही चूकच होती आणि ती अधिकाराच्या संपूर्ण वजनानिशी केली गेली. १९९२ साली दुसरे जॉन पॉल यांनी ती जाहीरपणे मान्य केली.

आपल्या किनाऱ्याशी थेट जोडलेले उदाहरण यापेक्षा जड आहे. पाचवे निकोलस या पोपनी १४५२ आणि १४५५ साली पोर्तुगालच्या राजाला फर्माने दिली. बिगरख्रिस्ती प्रदेश जिंकण्याची, तिथल्या लोकांना गुलाम करण्याची मुभा त्यांत होती; समुद्रापलीकडच्या मुलखात चर्चे उभारण्याचा अधिकारही होता. पोर्तुगीज राजसत्तेने पूर्वेकडे ज्या धर्मसंरक्षणाच्या हक्काच्या जोरावर बिशप नेमले, चर्चे बांधली आणि धर्मव्यवहार चालवला, त्या पाद्रोआदोच्या मुळाशी ही फर्माने आहेत. १५१०नंतरच्या गोव्याचा इतिहास त्यांच्या छायेत घडला. १५३७ साली तिसरे पॉल यांनी उलट दिशेने लिहिले की अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना आणि पुढे सापडतील त्या इतर लोकांनाही स्वातंत्र्यापासून आणि मालमत्तेपासून वंचित करू नये. ३० मार्च २०२३ रोजी व्हॅटिकनने निवेदन काढून सांगितले की ती पंधराव्या शतकातली फर्माने राजकीय प्रश्नांशी जोडलेली होती, कॅथलिक श्रद्धेचा भाग कधीच नव्हती, आणि त्यांतून समान मानवी प्रतिष्ठेला न्याय मिळाला नाही. अचूकतेच्या कुंपणाबाहेर किती मोठी चूक होऊ शकते, याचा पुरावा म्हणून हे निवेदन वाचावे.

संतपदाचे प्रकरण याहून नाजूक. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया हे फ्रान्सिस्कन बंधू १५९७ साली नागासाकीत क्रुसावर मारले गेले. ८ जून १८६२ रोजी त्यांना आणि त्यांच्या साथीदारांना संत म्हणून घोषित करणारे पोप नववे पायसच होते, आणि त्या सोहळ्यासाठी जगभरातून रोममध्ये जमलेल्या बिशपांमध्येच पुढच्या परिषदेची हवा तयार होत होती. पोप अमुक व्यक्ती स्वर्गात आहे असे गंभीरपणे घोषित करतात तेव्हा त्यात चूक होऊ शकते का? बहुसंख्य धर्मशास्त्री परंपरेने नाही म्हणत आले. १९९८ साली कार्डिनल रात्झिंगर (पुढचे पोप सोळावे बेनेडिक्ट) यांच्या श्रद्धासिद्धान्तविषयक खात्याने काढलेल्या टिपणात संतपदाच्या घोषणा निश्चितपणे मानायच्या सत्यांच्या गटात धरल्या आहेत. मात्र स्वतंत्र सिद्धान्त म्हणून हे कधी ठरवले गेलेले नाही, आणि काही विद्वानांचा मतभेद आजही टिकून आहे. गोन्सालो गार्सियांचा सण वसईत मोठ्या श्रद्धेने साजरा होतो. त्या श्रद्धेला या चर्चेने धक्का बसत नाही.

विसाव्या शतकातला सगळ्यांत तीव्र वाद कुटुंबनियोजनावर झाला. २५ जुलै १९६८ची तारीख असलेल्या पत्रकात सहावे पॉल यांनी कृत्रिम संततिनियमन निषिद्ध ठरवले. त्यांनीच वाढवलेल्या अभ्यासमंडळाच्या बहुमताने उलट शिफारस केली होती. चार दिवसांनी पत्रकारांपुढे ते मांडताना व्हॅटिकनच्या वतीने मोन्सिन्योर लाम्ब्रुस्किनी यांनी सांगितले की हे अचूक निर्णयाच्या स्वरूपाचे विधान नाही, तरीही भाविकांनी ते मानावे. सामान्य कॅथलिक जोडप्यांसाठी हा प्रश्न तर्काचा नव्हता, अंथरुणातला आणि स्वयंपाकघरातला होता. अचूक नसलेल्या पण अधिकृत शिकवणीला किती मान द्यायचा? ख्रिस्तसभेचे उत्तर असे की मनाची आणि बुद्धीची आदरपूर्वक नम्रता ठेवायची. पण प्रामाणिकपणे विचार करूनही पटले नाही तर काय, यावर धर्मशास्त्री अजून एकमत नाहीत. धर्मशास्त्री हान्स क्युंग यांनी १९७० साली याच अडचणीतून अचूकतेवरच प्रश्नचिन्ह लावले. त्यांचा मुद्दा होता की ख्रिस्तसभा चुका करूनही सत्यात टिकून राहते, त्यासाठी चुकीपासून मुक्त विधानांची गरज नाही. कार्ल रानर यांच्यासारख्या उदार विचारवंतालाही हे पटले नाही. १९७९च्या डिसेंबरात क्युंग यांचा कॅथलिक धर्मशास्त्री म्हणून शिकवण्याचा अधिकार काढून घेण्यात आला. ते धर्मगुरू मात्र शेवटपर्यंत राहिले.

आजची खरी गुंतागुंत पोपच्या निर्णयात नाही, जगभरच्या बिशपांच्या एकमतात आहे. पोपनी गंभीर घोषणा केली की ती ओळखता येते. पण जगभर विखुरलेल्या बिशपांनी एखादी गोष्ट निर्णायकपणे शिकवली आहे हे कोणी, कसे मोजायचे? १९९४ साली दुसरे जॉन पॉल यांनी सांगितले की स्त्रियांना धर्मगुरुपदाची दीक्षा देण्याचा अधिकार ख्रिस्तसभेला नाही आणि हे निश्चितपणे मानावे. ते विधान स्वतः अचूक घोषणा नव्हते. वर्षभराने संबंधित खात्याने खुलासा केला की ही शिकवण बिशपांच्या सर्वसाधारण अध्यापनातून अचूकपणे दिली गेलेली आहे. टीकाकारांनी विचारले की अचूक नसलेल्या खुलाशाने एखादी शिकवण अचूक असल्याचे कसे सिद्ध होणार? या प्रश्नाला पूर्ण समाधानकारक उत्तर अजून मिळालेले नाही. १९८३च्या धर्मविधिसंहितेतला ७४९वा नियम इथे महत्त्वाचा. एखादा सिद्धान्त अचूकपणे ठरवला गेला आहे असे स्पष्टपणे सिद्ध होत नसेल, तर तो तसा मानायचा नाही, असे त्याचे तिसरे कलम म्हणते. शंका असेल तेव्हा माप सिद्धान्ताच्या बाजूने पडत नाही. कुंपण ख्रिस्तसभेने आपल्या कायद्यातच घातले आहे, आणि ते ओलांडण्याचा मोह बहुधा अतिउत्साही निष्ठावंतांना होतो.

अलीकडच्या पोपनी ते कुंपण आपणहून दाखवले आहे. सोळावे बेनेडिक्ट यांनी येशूवरच्या आपल्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच लिहिले की हे धर्माधिकाराने केलेले विधान नाही आणि कोणीही त्यांच्याशी असहमत व्हायला मोकळे आहे. २००५च्या जुलैत आओस्ता खोऱ्यातल्या धर्मगुरूंशी बोलताना तेच म्हणाले होते की पोप भविष्यवाणी करणारी देववाणी नव्हेत, त्यांची अचूकता फार विरळ प्रसंगी असते. आणि जून २०२४मध्ये ख्रिस्ती ऐक्याचे काम पाहणाऱ्या व्हॅटिकनच्या खात्याने ‘रोमचा बिशप’ हा अभ्यासग्रंथ प्रसिद्ध केला. दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ साली इतर ख्रिस्ती पंथांना विचारले होते की पोपपद सर्वांना स्वीकारार्ह व्हायचे तर ते कसे असावे. आलेल्या उत्तरांचा आणि अनेक वर्षांच्या संवादांचा आढावा त्यात आहे. ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन, लुथरन अशा अनेकांची मोठी अडचण १८७०चे शब्द हीच असल्याचे त्यातून दिसते. त्या शब्दांचा अर्थ त्यांच्या काळाच्या संदर्भात नव्याने समजून घ्यावा आणि तो नव्या भाषेत मांडावा, अशी सूचना या ग्रंथात पुढे आली आहे. बिस्मार्कला उत्तर देणारे जर्मन बिशप आणि त्यांना संमती देणारे नववे पायस यांचा दाखला त्या चर्चेत पुन्हा निघाला आहे, आणि पोप चौदावे लिओ यांच्या काळात या चर्चेची पुढची पाने लिहिली जायची आहेत.